धरणग्रस्तांना ‘सगळं फुकट’? आधी कागद बघा

सातारा-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा: धरणग्रस्तांना जमीन फुकट मिळते, ती विकून ते पुन्हा मागायला मोकळे, नोकऱ्याही राखीव, आणि धरणग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यांना पोसून आयत्या बिळावरचे नागोबा करतात. पुनर्वसनाच्या कागदपत्रांत रोज डोकं घालणाऱ्या आम्हा लोकांचं हे उत्तर.

‘जमीन फुकट.’ साफ खोटं. पर्यायी जमीन हवी असेल तर नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत लेखी मागणी करावी लागते आणि भरपाईतली किमान ६५ टक्के रक्कम कब्जेहक्कापोटी, म्हणजे नव्या जमिनीच्या किमतीपोटी, कापून द्यावी लागते. घोळ इथंच होतो. आजोबांनी भरपाई सगळी उचललेली असते, ती घर हलवण्यात संपते आणि नातू अर्ज घेऊन गेला की ‘अपात्र’. कधी रक्कम कापलेली असते, पण चलन सापडत नाही. तेव्हा भूसंपादन कार्यालयातून निवाड्याची (भरपाई ठरवणाऱ्या आदेशाची) नक्कल काढावी, वजावट तिच्यात शोधावी. कोयनेची तर तऱ्हाच निराळी. धरण १९६४ साली पुरं झालं आणि राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा आला १९७६ साली, म्हणजे तिथली माणसं उठली तेव्हा कायदाच नव्हता.

‘विकून टाकतात.’ ही जमीन भोगवटादार वर्ग २ ची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. साठेखतावर गुपचूप व्यवहार करणारे आहेत, नाही असं नाही. पण त्याहून मोठं दुखणं म्हणजे सातबारा नावावर आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात. साताऱ्याजवळच्या उरमोडी धरणाची माणसं परळी खोऱ्यातली, भातशेतीची. जमिनी मिळाल्या माण-खटावच्या कोरड्या माळावर. मोजणीच्या दिवशी भूकरमापक येतो, तेव्हा मूळ कब्जेदाराचं, म्हणजे आधीपासून ती जमीन कसणाऱ्याचं, पीक उभं असतं. खुणा रोवल्या जातात आणि बऱ्याचदा रातोरात उपटल्या जातात. म्हणून मोजणी पीक निघाल्यावर मागावी. ताबापावतीवर चतुःसीमा आणि पंचांच्या सह्या त्याच दिवशी बांधावरच घ्याव्यात, मोजणीची ‘क’ प्रत (मोजणी नकाशाची अधिकृत प्रत) हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नये. तलाठी कार्यालयात बसून लिहिलेली ताबापावती पुढं वादात टिकत नाही.

‘संस्था पोसतात.’ पोसायला संस्थांकडे आहे काय? चांगली संस्था धान्य वाटत नाही, फाईल लावायला शिकवते. पहिला कागद संकलन रजिस्टरचा उतारा, जिल्हा पुनर्वसन कार्यालयातला. कुटुंबात कोण, क्षेत्र किती बुडालं, देय किती आणि दिलं किती, सगळं त्या एका ओळीत असतं. ती ओळ घरातल्या माणसानं स्वतः वाचायची, हा आमचा आग्रह. उतारा मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पहिलं अपील. मग वारस नोंद. विधवा सून आणि लग्न झालेल्या मुली इथं हमखास गाळल्या जातात आणि वाटप आदेश झाल्यावर तक्रार आली की सगळं प्रकरण अडकतं. अर्ज ज्याचा, सही आणि हेलपाटाही त्याचाच. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. सुरुवातीला कार्यकर्ता सोबत जातो, नंतर मुद्दाम जात नाही.

जमीन हातात आली तरी पहिल्या हंगामाला पैसा लागतो. पुनर्वसन वसाहतीतला माणूस नव्या गावच्या विकास सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून पीककर्ज नाही. सातबारा आणि ८अ (खातेउतारा) जोडून आधी सभासदत्वाचा अर्ज द्यावा. शाखेत ‘वर्ग २ आहे, कर्ज बसत नाही’ असं ठोकून देतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मध्ये बँकेकडे किंवा सोसायटीकडे अशी जमीन तारण ठेवायची सोय आहे. कलमाची झेरॉक्स बरोबर ठेवावी, वाद घालत बसू नये.

‘नोकऱ्या राखीव.’ पाच टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतलंच) आहे, तेही कुटुंबातल्या एकालाच. परीक्षा, गुणवत्ता यादी सगळ्यांसारखीच. भावाभावांत प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावरून जुंपते ती मात्र खरी. दाखला ज्याच्या नावे, त्याची लेखी संमती आणि बाकीच्यांची ना-हरकत जाहिरात निघायच्या आधीच करून ठेवलेली बरी.