पंचाच्या खिशातली किल्ली

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, हात वर करून आपल्याला कारभार पाहणारे मुख्य पंच निवडले, याबद्दल अभिनंदन. आता तीन वर्षे आपल्याला मेंढरे सांभाळायची आहेत, आणि त्यांतले एकही आपल्यापेक्षा शहाणे होणार नाही याची खबरदारी घ्यायची आहे.

पहिले काम म्हणजे किल्ल्या ताब्यात घेणे. प्रभू येशूने आपला शिष्य पेत्र याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या. आपल्या वाट्याला अर्पणपेटीची, सतरंज्यांच्या खोलीची आणि हार्मोनियमच्या कपाटाची एवढ्या तीनच येतात, म्हणून त्या कुणाकडे सोपवू नयेत. अर्पण मोजायला दोघे असावेत असे कोणी सुचवलेच, तर दुखावल्या आवाजात "माझ्यावर विश्वास नाही का?" असे विचारावे. शिष्यांची पैशांची थैली ज्याच्याकडे होती, त्या येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे कोणी हिशेब मागितल्याचे शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानानेही लिहिलेले नाही.

मोशेचा दाखला अर्धाच द्यावा. बायबलातल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसतो आणि लोक भोवती ताटकळत उभे असतात, एवढा भाग फार हृद्य आहे. पुढे त्याचा सासरा इथ्रो येऊन, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील असे बजावतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, अगदी दहा-दहा जणांवरसुद्धा नायक नेमायला लावतो, तिथे पान उलटावे. सासऱ्याचे एवढे ऐकणारा माणूस मंडळी काय चालवणार!

सल्ला मात्र अवश्य घ्यावा, पण शलमोनाचा मुलगा रहबाम राजा याच्यासारखा. लोकांनी जू हलके करण्याची विनवणी केल्यावर त्याने तीन दिवसांची मुदत घेतली, बापाच्या वेळच्या वडीलधाऱ्यांना विचारले आणि शेवटी बरोबरीच्या दोस्तांच्या शब्दाला मान देऊन, आपली करंगळी बापाच्या कमरेहून जाड असल्याचे ठणकावले. इस्राएलाचे दहा वंश त्याला सोडून निघून गेले हे खरे, पण उरलेल्यांच्या सभा किती शांततेत पार पडत असतील! आपल्याकडचीही चार कुटुंबे रस्त्यापलीकडच्या मंडळीत गेली, तर गव्हातून निदण, म्हणजे तण, आपोआप निघाले असे समजावे.

चूक झालीच तर शौल राजा आठवावा. सगळे मारून टाकण्याची देवाची आज्ञा असताना शत्रू अमालेक्यांची गुरेमेंढरे का राखलीस असे शमुवेल संदेष्ट्याने विचारताच, ती लोकांनी राखली आणि तीही देवाला यज्ञ करण्यासाठी, असे उत्तर त्याने दिले. दोष लोकांचा, हेतू देवाचा आणि कर्मेलात स्मारक स्वतःचे. देवळाचे नवे पत्रे पहिल्याच पावसात गळू लागले तर हेच सूत्र लावावे, कोनशिलेवरचे नाव मात्र आपलेच राहू द्यावे.

गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीचा, पाय धुण्याचा विधी ठेवावा. नम्रतेसाठी तो फार सोयीचा आहे. पाय मात्र निवडक असावेत, सकाळीच घरी साबणाने घासलेले, शक्यतो देणगीदारांचे. घमेल्यात पाणी कोमट असावे, टॉवेल कोरा असावा आणि पाण्याचा पहिला थेंब फोटोग्राफर आल्यावरच पडावा. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुऊन आले, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही होते. असल्या अतिरेकाची आपल्याला गरज नाही. विधी आटोपला की घमेले उचलायला शिपाई आहेच.

मुदत संपत आली की काही जण टिळकांचे नाव काढतील. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, पण ते कवी होते. चालती खुर्ची सोडणे कवींना शोभते. निरोपाची सभा घ्यावीच लागली, तर शमुवेलासारखे 'मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले?' असे विचारण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला विचारणे परवडले, कारण कोणाचेच नाही असे उत्तर आले. आपल्याकडे लोक सतरंज्यांपासून सुरुवात करतील.

एखाद्या रविवारी आपण लग्नाला पुण्यास गेलेले असाल. संडे स्कूलची मुले बंद कपाटासमोर उभी राहतील, बाई तीनदा फोन लावतील, आणि किल्ली आपल्या कोटाच्या खिशात असेल. फोन उचलू नये. मुलांनी हार्मोनियमवाचून नुसत्या टाळ्यांवर गीत म्हटले आणि ते छान झाले असे कानावर आले, तर परतल्यावर त्या कपाटाला दुसरे कुलूप घालावे.