वरणाच्या पाण्यावर बाळ वाढत नाही

सध्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘पूर्वीच्या बायका बाळाला वर्षभर दूध आणि वरणाचं पाणीच द्यायच्या. दात आल्याशिवाय घास पचत नाही. हल्लीच्या आया घाई करतात, म्हणून मुलं आजारी पडतात. खोकल्याला मध चाटवा.’ माझ्या धाकट्या जावेनंही तो मला पाठवला. तिचं बाळ सात महिन्यांचं आहे, म्हणून हे लिहितेय.

पूर्वीच्या बायका वर्षभर थांबत असत्या, तर सहाव्या महिन्यात उष्टावण कशाला केलं असतं? जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते : सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न, आणि दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू. कारण बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहाव्या महिन्याला सरत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं.

दातांचं म्हणाल, तर मऊ खिमट हिरड्यांनीही कुस्करता येतं.

वरणाच्या पाण्याबद्दल मात्र पोटतिडकीनं सांगायचंय. माझ्या लेकीला मी आठव्या महिन्यापर्यंत पातेल्यातलं वरचं पिवळं पाणीच पाजलं. डाळ खाली राहायची, ती आम्ही खायचो. दोन महिने तिचं वजन हललं नाही. अंगणवाडीच्या ताईंनी चमचा तिरका धरून दाखवला : पाणी घळकन सांडलं. ‘चमच्यावर ठरेल इतकं घट्ट हवं,’ त्या म्हणाल्या. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. ती वाटी पाण्यानं भरली की अन्नाला जागाच उरत नाही.

आमच्या आजीला हे ठाऊक होतं. ती नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवून अगदी हलकी भाजून दळायची. मोड येताना तयार होणारं अमायलेज हे पाचक द्रव्य शिजवताना पिठातला स्टार्च फोडतं. त्यामुळे जास्त पीठ घातलं तरी पेजेचा गोळा होत नाही, आणि तेवढ्याच वाटीतून बाळाला जास्त ताकद मिळते. ती पेज, डाळ-भात कुस्करून वर तूप, उकडलेलं अंडं, भाजी : हे सगळं सहा महिन्यांनंतर चालतं.

मुलं आजारी पडतात ती बहुतेकदा न धुतलेल्या हातांनी, दुधाच्या बाटलीनं, सकाळचं संध्याकाळी भरवल्यानं.

मधाच्या बाबतीत मात्र आजीही चुकायची. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, अंग लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. मध उकळला तरी ते मरत नाहीत.

काल जावेनं फोनवर विचारलं, ‘ताई, दोनच चमचे खाल्ले तर?’ म्हटलं, दोन तर दोन. पण डाळीचे दे, पाण्याचे नको.