सागवानी चौकट उपटण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या ग्रुपांवर हा मजकूर हमखास फिरतो: "जुनी लाकडी खिडकी म्हणजे वाळवीला आमंत्रण. पावसात फुगते, दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. यूपीव्हीसी बसवा, आयुष्यभर बघायला नको." तिवंधा, पंचवटीतल्या वाड्यांत राहणारेही आता हे वाचून या कडक प्लास्टिकच्या खिडक्यांची कोटेशनं मागवतात.

वाळवीचं आधी. ती खिडकीत जन्मत नाही, जमिनीतून भिंतीच्या आधारानं मातीची नळी करत वर चढते. खिडकी प्लास्टिकची केली तर ती दाराकडे, तुळयांकडे वळेल. औषध भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून मारावं लागतं. शिवाय सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, ती खाते बाहेरचा पांढरट भाग. पेचकस टोचून बघा, कुठे आत जातो आणि कुठे अडतो ते लगेच कळतं.

फुगते, हे खरं. पण बहुतेकदा झडपेच्या खालच्या कडेला कधी रंगच लागलेला नसतो आणि पाणी तिथूनच शिरतं. (भर पावसात रंधा मारून घेऊ नका. तेव्हा झडप मापात बसेल, एप्रिलमध्ये बोटभर फट दिसेल.) लाकूड सुकल्यावर तासा आणि तासलेली कड त्याच दिवशी रंगवा.

'पैसे पाण्यात' हा मुद्दा तर उलटाच आहे. चौकट कुजते ती बहुधा खाली, जिथे पाणी साचतं तिथे. चांगला सुतार तेवढाच भाग तिरका कापून जुन्या सागाचा तुकडा सांधतो, तसं लाकूड पाडलेल्या वाड्यांच्या मालातून मिळतं. याउलट वाड्यात चौकटीचे कान, म्हणजे बाजूला निघालेली टोकं, भिंतीत गाडलेले असतात. विटा माती-चुन्यात रचलेल्या, वर भिंतीचा भार पेलणारी लाकडी पाटई. चौकट ओढली की आजूबाजूच्या विटा सुटतात, कधी पाटईच बसते, मग गवंडी, दोन्ही बाजूंचा गिलावा आणि रंग. खिडकीवाल्याच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं.

आयुष्यभर? रबर आणि चाकं झिजतातच. आणि दोन पल्ल्यांची सरकती खिडकी उघडून उघडून अर्धीच उघडते.

द्वारका चौकाजवळ राहत असाल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथल्या आवाजाला दुहेरी काचेची घट्ट यूपीव्हीसी खिडकीच बरी. चौकट सागाची नसून हलक्या जंगली लाकडाची असेल आणि पेचकस सगळीकडेच आत जात असेल, तर तीही खुशाल बदला.

दुरुस्तीला बसलात तर जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओला करून घासा, आणि मुलांना तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा.