माया

शनिवारी पुतण्याचं लग्न. म्हणून काल सहा पँटी कापडी पिशवीत कोंबल्या, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि महाद्वार रोडमागच्या बोळात टेलरमामांकडे गेलो. कोथिंबीर कुणी ओळखीचं भेटलं तर दाखवायला.

"सोडायच्यात न्हवं?" मामा म्हणाले.

पिशवी उघडली नव्हती. मी अजून पायरीवरच होतो.

याच सहा पँटी गेल्या श्रावणात मी इथंच आत घ्यायला आणल्या होत्या. अकरा किलो उतरवलं होतं. तेव्हा पिशवी नव्हती, पँटी खांद्यावर टाकून भर दुपारी चालत आलो होतो, आणि बरोबर पेढे होते.

त्या अकरा किलोंची कथा थोडक्यात सांगतो. घरात दोन पंथ. मी दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. बायको दिवेकरांची: दर दोन तासांनी थोडं थोडं, भात खा, तूप खा, घाबरू नका. त्यामुळे घरात कधीही बघावं तर एक माणूस खात असायचा आणि दुसरा त्याच्याकडे बघत असायचा. बघणारा मी. बरं, ५५ मिनिटं हे बंधन कोल्हापुरात कुणाला वाटणार? तेवढ्यात आमच्याकडचा माणूस मटणाचं ताट, चार वाट्या तांबडा आणि पाच वाट्या पांढरा रिचवून पानाच्या टपरीवर उभा असतो. चालण्याचंही तेच. रंकाळ्यावर चालणं सोपं, पण परतताना मिसळीच्या कटाचा वास आडवा येतो, आणि तो वास ओलांडायला जी ताकद लागते ती कुठल्याच तक्त्यात मोजलेली नाही.

तरी आठ महिन्यांत उतरवलं. आणि कौतुक काय झालं? गल्लीतला प्रत्येक माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "बरं हाय न्हवं? शुगर बघून घेतलासा काय?" एकानं तर मला न विचारता थेट बायकोलाच धीर दिला.

तर मामा. मामांनी पहिली पँट उलटी केली, मागची शिवण चिमटीत धरली आणि उजेडाकडे नेली. आत दोन्ही बाजूंना कापडाची रुंद पट्टी जशीच्या तशी दुमडलेली.

"मी जादाचं कापून टाका म्हटलं होतं," मी म्हणालो.

"म्हणला हुतासा की."

"मग?"

"माया ठेवली." मामांनी चष्मा वर सरकवला. "सायेब, चाळीस वर्सं टेप हातात हाय. आत घ्या म्हणणारा पेढं घिऊन येतो. सोडा म्हणणारा पिशवीत लपवून आणतो. कोथमीर तुमचीच पयल्यांदा बघितली."

ब्लाउजसाठी बसलेल्या एक मावशी इथं हसल्या. मग त्यांना माझी दया आली असावी. "आता कसं भरल्यासारखं दिसतंय. मागच्या वर्षी बघवत न्हवतं बाई, गालफडं पार बसली हुती."

"मावशी, ते मुद्दाम केलं होतं."

"मुद्दाम?" मावशींनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली, म्हणजे असतात अशी माणसं.

मग वही निघाली. त्या वहीत निम्म्या पेठेच्या कंबरा आहेत. माझ्या पानावर छाती, खांदा, उंची सगळं पेनानं लिहिलेलं. कंबर तेवढी पेन्सिलीनं. ४० खोडून ३६, आता ३६ खोडून पुढं रिकामी जागा. खोडरबरानं कागद इतका झिजला होता की पलीकडच्या पानावरच्या कुणा भाग्यवंताची कंबर दिसत होती.

"माझीच पेन्सिलीनं का?"

"तुमचीच न्हाई, डायेटवाल्या समद्यांची."

माझी भाची आहारतज्ज्ञ आहे. तिचं म्हणणं, वजन उतरलं की शरीर घाबरतं, जाळायचं कमी करतं आणि भूक वाढवतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन घटवायच्या स्पर्धेत उतरलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर बसल्याजागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं. हे तिनं मला सांगितलं कधी, तर नऊ किलो परत आल्यावर. अकरा उतरताना ती रोज अंगठा दाखवायची. वजन उतरवायचे शंभर मार्ग सांगायला शंभर माणसं आहेत. उतरलेलं वजन खालीच ठेवायचं कसं, हे विचारलं की सगळ्यांना अचानक दुसरीकडे काम निघतं. आपल्याच पोटानं आपल्याविरुद्ध आतून माया राखून ठेवलेली असते, हे जर एका टेलरला ठाऊक होतं, तर मला कुणी आधी का नाही सांगितलं? आठ महिने बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा पिलाय मी. त्याचा हिशोब कुणाकडे मागायचा?

"किती सोडू?" मामा.

"दीड इंच."

मामांनी माझ्याकडे न बघता टेप फिरवली. "तीन." पेन्सिलीनं लिहिलं.

आत घ्यायला पँटीमागे साठ घेतले होते, सोडायला ऐंशी सांगितले. मी विचारलं, वीस जास्त कशाचे? म्हणाले, जुनी टीप उसवायला लागती. माझ्या कापडात माझीच माया, आणि ती मिळवायला मीच चारशे ऐंशी मोजायचे. घासाघीस केली असती, पण मावशी ऐकत होत्या.

निघताना मामांनी विचारलं, "राखाडी रंगाची एक हुती की तुमची, चांगल्या कापडाची?"

होती. आता काही आपल्याला लागत नाही, असं चारचौघांत म्हणून गेल्या दिवाळीत मी ती मेहुण्याला देऊन टाकली. लग्नाला तीच घालून येणार आहे तो. काल फोन करून विचारत होता, हिच्यावर शर्ट कुठला घालू म्हणून.