खरा फ्लॅश कोणता?

परभणीत सुपरहिरोचं कॉमिक उघडून बसलं की मागून कुणीतरी डोकावतंच. बहुधा मामा. ‘काय वाचायलास?’ इथवर निभतं. पण पानावर दोन फ्लॅश, म्हणजे डीसी कंपनीचे विजेच्या वेगानं पळणारे दोन सुपरहिरो, सोबत पळत असले, की पुढचा प्रश्न चुकत नाही. ‘ह्यातला खरा कोन्ता?’

ह्या कॉमिकांत पृथ्व्या एकाहून जास्त, आणि हे दोघं दोन वेगळ्या पृथ्व्यांवरचे. ओळखायची खूण सोपी आहे. पंख लावलेला पत्र्याचा टोप घातलेला तो जे गॅरिक, १९४० चा, दुसऱ्या पृथ्वीवरचा. अंगभर लाल पोशाख आणि तोंडावर मुखवटा असलेला तो बॅरी ॲलन, १९५६ चा, पहिल्या पृथ्वीवरचा. इथंच मामा अडकतात. आधी आला तो दुसरा कसा? तर पृथ्व्यांना नंबर पडले १९६३ मध्ये, आणि तेव्हा बाजारात बॅरी आणि मंडळी चालत होती. सातबाऱ्यावर नाव ज्याचं, पहिला तोच. हे मात्र मामांना लगेच पटतं.

मग ‘हा तिकडं गेला कसा?’ सप्टेंबर १९६१, ‘द फ्लॅश’चा अंक १२३. दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत, फक्त कंपनांचा वेग वेगळा, म्हणून एकमेकींना दिसत नाहीत. बॅरी पोरांना दोरावर चढून गायब व्हायचा खेळ दाखवत होता. अंग इतकं थरथरवलं की थेट जे गॅरिकच्या गावात! पण बॅरीनं तर जेच्या गोष्टी लहानपणी कॉमिकात वाचलेल्या. त्याचाही खुलासा आहे: लेखक गार्डनर फॉक्सला झोपेत ती दुसरी पृथ्वी दिसायची, उठून तो लिहायचा. आणि हा अंक लिहिला कुणी? गार्डनर फॉक्सनंच. इतका निर्लज्ज खुलासा मला तरी दुसरा माहीत नाही.

यापुढं उत्तर देण्याआधी अंकावरचं साल बघावं. १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेच्या बारा अंकांत मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी सगळ्या पृथ्व्या मोडून एकच ठेवली. आठव्या अंकात बॅरी मेला. म्हणजे त्यानंतरच्या वीसेक वर्षांत जे आणि बॅरीचा वारस एकाच पृथ्वीवर, जे नुसता वडीलधारा. २००७ मध्ये पृथ्व्या पुन्हा निघाल्या, मोजून ५२. बॅरीही २००८ मध्ये परत आला. २०१२ मध्ये जे पुन्हा पोरगा झाला, तोही वेगळ्या पृथ्वीवर. एवढं सांगेस्तोवर चहा गार.

विषय बदलावा म्हणून दुसऱ्या कंपनीचा, मार्व्हलचा, पवित्र प्रभाकर काढावा. हा २००४ चा, धोतर नेसलेला स्पायडरमॅन. मामा खूश. ‘आपल्याकडचा हाय व्हय?’ मुंबईचा, म्हटलं की चेहरा पडतो. अनुशेष इथंही!

‘बरं, त्या ५२ मधल्या,’ मामा उठता उठता विचारतात, ‘एकीवर तरी जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी टेलला येतंय का रे?’