परदेशी चॉकलेट आणि परभणीचा मे महिना

आमच्याकडे परदेशातून आलेले चॉकलेट पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले चॉकलेट मुलांच्या हातावर सहज ठेवतात. परभणी, सेलू, जिंतूर, नांदेड, कुठेही जा, हा भेद सारखाच दिसतो. माझे माहेर परभणीचे, मी राहते जर्मनीत श्टुटगार्टजवळ, आणि दोन्हीकडची चॉकलेटे मी आवडीने, वेष्टनावरचा मजकूर वाचून, शेजारी शेजारी ठेवून खाल्ली आहेत. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की चॉकलेट कोणत्या देशातून आले याला आपण देतो तेवढी किंमत देण्याचे काहीच कारण नाही. ते कशाचे केले आहे आणि कारखान्यातून तोंडापर्यंत येताना त्याने किती ऊन सोसले आहे, या दोन गोष्टींवर त्याची चव अवलंबून असते.

आधी जर्मनीतले सांगते. आमच्या भागात वाल्डेनबुख नावाचे छोटे गाव आहे आणि चौकोनी वडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या रिटर स्पोर्टचा कारखाना तिथे आहे. एका कुटुंबाने 1912 मध्ये सुरू केलेली ही कंपनी 1930 मध्ये त्या गावी आली आणि 1932 मध्ये तिने ती चौकोनी वडी बाजारात आणली. इथल्या माणसांना ते घरचे चॉकलेट वाटते. दुकानात त्याच फळीवर शेजारी स्विस आणि बेल्जियन चॉकलेटे असतात. ती इथे आयात केलेलीच म्हणायची, पण केवळ तेवढ्यासाठी त्यांना मान देणारे माझ्या ओळखीत तरी कोणी नाही. कोको किती टक्के, साखर किती, भाव काय, एवढे पाहून लोक वडी उचलतात. मला ही सवय फार आवडली आणि आपल्याकडे ती यावी असे मनापासून वाटते.

कारण 'बाहेरचे चॉकलेट' अशी एकच वस्तू जगात नाही. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमाप्रमाणे दूध चॉकलेटमध्ये कोकोचा एकूण घन अंश किमान 25 टक्के आणि दुधाचा किमान 14 टक्के असावा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड यांना त्याच नियमात वेगळी सवलत दिली गेली, ती म्हणजे कोको 20 टक्के असला तरी चालेल, पण दूधही 20 टक्के हवे. अमेरिकेत दूध चॉकलेटमध्ये कोकोचा गर, म्हणजे कोकोच्या बिया दळून झालेला लगदा, 10 टक्के असला तरी कायद्याचे समाधान होते. म्हणजे न्यू जर्सीहून मावशींनी आणलेली, लंडनहून दादाने आणलेली आणि मी जर्मनीहून आणलेली वडी या तिन्ही वेगवेगळ्या मापांनी केलेल्या असतात. करण्याच्या पद्धतीही निराळ्या आहेत. डॅनियल पीटर यांनी 1875 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिले दूध चॉकलेट तयार केले, 1879 मध्ये रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटून मऊसूत करण्याचे यंत्र काढले, आणि आजही स्विस वळणाच्या चॉकलेटात दुधाची पावडर वापरली जात असल्याने ताज्या दुधाची चव पुढे राहते. ब्रिटिश पद्धतीत दूध, साखर आणि कोकोचा गर एकत्र आटवून आधी वाळका चुरा करतात, त्यामुळे चवीत आटवलेल्या दुधाचा खरपूसपणा उतरतो. आपल्याकडे बासुंदी-पेढ्यावर वाढलेल्या जिभेला ही दुसरी चव लवकर जवळची वाटते, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. युरोपात कोको बटरशिवाय, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीशिवाय, दुसरी वनस्पतिजन्य चरबी चॉकलेटात जास्तीत जास्त 5 टक्के घालता येते आणि त्यासाठी सहाच चरबींची यादी ठरलेली आहे. त्या यादीत पाम आणि शिआ हे आफ्रिकेतले झाड यांच्याबरोबर सालवृक्षाची बी, आंब्याची कोय आणि कोकम ही नावे आहेत. थंडीत टाचांच्या भेगांना लावायला घरात जो कोकमतेलाचा गोळा असतो, त्याच चरबीला युरोपच्या चॉकलेटाच्या कायद्यात जागा आहे. सालाची बी तर आपल्या मध्य भारतातल्या जंगलांत वेचली जाते. तेव्हा परदेशी वेष्टनाच्या आत काय असेल याची कल्पना करत बसण्यापेक्षा घटकांची यादी वाचावी हे बरे.

आता उन्हाकडे येते, कारण मराठवाड्यात चॉकलेटाचे खरे नुकसान ऊन करते. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकते. त्यांपैकी पाचवा प्रकार चॉकलेट करणाऱ्याला हवा असतो, कारण तो साधारण 34 अंश सेल्सियसला वितळतो. म्हणून चांगली वडी खोलीत कडक राहते, मोडताना टक्‌ असा आवाज करते आणि तोंडात गेल्यावर विरघळते. हा प्रकार मिळवण्यासाठी वितळलेले काळे चॉकलेट ढवळत ढवळत 27-28 अंशांपर्यंत उतरवतात आणि पुन्हा 31-32 अंशांपर्यंत चढवतात. गुऱ्हाळात काहिली नेमकी केव्हा उतरवायची हे गुळव्या ठरवतो आणि त्यावर गुळाची कणी ठरते, तसेच हे काम आहे. एवढ्या निगुतीने बसवलेली घडण मोडायला मे महिन्यातला मोंढ्यापासून घरापर्यंतचा रिक्षाप्रवास पुरतो. परभणीचा पारा तेव्हा 43 अंशांच्या आसपास असतो आणि डिकीत ठेवलेल्या बॅगेतली गरमी त्याहूनही जास्त. वडी वितळते, घरी आल्यावर फ्रिजमध्ये पुन्हा गोठते, पण आता ती मनाला येईल तशी गोठते. काही दिवसांनी तिच्यावर पांढरट थर येतो. घरातले लोक बुरशी आली म्हणून ती टाकून देतात. ती बुरशी नसते, वर येऊन गोठलेले कोको बटर असते. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण मूळची मऊ, रेशमी चव मात्र गेलेली असते, आणि जी चव गेली तिच्याचसाठी आपण एवढे पैसे आणि बॅगेतले किलो खर्च केलेले असतात.

फ्रिजमध्ये ठेवण्याचीही एक रीत आहे. उघडी वडी थंड करून लगेच बाहेर काढली की तिच्यावर हवेतले बाष्प जमते, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर साखरेचे खरखरीत कण मागे राहतात. शिवाय चॉकलेट वास पटकन ओढून घेते. लसणाच्या चटणीशेजारी ठेवलेल्या वडीला चटणीचा वास लागतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि खाण्याआधी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

आपल्या देशी चॉकलेटाबद्दलही मला स्पष्ट बोलायचे आहे. किराणा दुकानात मिळणारी दूध चॉकलेटे मला फार गोड लागतात. त्यांत कोको मागे पडतो आणि साखर पुढे येते. पण त्यासाठी सरसकट 'आपल्याकडे चॉकलेट येतच नाही' म्हणणे अन्यायाचे आहे. कॅडबरी 1948 मध्ये भारतात आली आणि 1960च्या दशकात तिच्या पुढाकाराने केरळात कोकोची लागवड सुरू झाली. सुपारी आणि कोको उत्पादकांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेची स्थापना 1973 मध्ये मंगळूरला झाली आणि 1986 मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. शेतकऱ्यांची संस्था स्वतःच्या मालाचे चॉकलेट करते, ही गोष्ट सोयाबीन आणि कापूस कच्चाच विकणाऱ्या आपल्या मराठवाड्याने नीट पाहण्यासारखी आहे. अमूलचे 75 टक्के कोकोचे काळे चॉकलेट त्याच्या किमतीत मला जर्मनीतल्या साध्या काळ्या वड्यांच्या बरोबरीचे वाटते, आणि हे मी गावाच्या मायेपोटी म्हणत नाही.

गावाच्या मायेचा प्रश्न इथे, परदेशात, उलट बाजूने येतो. श्टुटगार्टच्या भारतीय दुकानात आपल्याकडची चॉकलेटे कितीतरी पट भावाने मिळतात आणि आमच्यातले अनेक जण ती आवर्जून घेतात. लहानपणाची चव हवीशी वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटते. तरीही ती वडी लांबचा प्रवास करून, काही महिन्यांची होऊन आलेली असते, आणि वाल्डेनबुखची ताजी वडी तिच्यापेक्षा निम्म्याहून कमी पैशांत मिळते. आयात केलेले चॉकलेट जर्मनीतून परभणीला गेले काय किंवा भारतातून जर्मनीत आले काय, वय आणि वाहतूक यांचा तोटा त्याला सोसावाच लागतो.

सगळ्यात आनंदाची गोष्ट आपल्या शेजारी घडते आहे. कोको साधारणपणे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 20 अंशांच्या पट्ट्यात येतो. परभणी 19 अंशांवर आहे, म्हणजे नकाशावर आपण त्या पट्ट्यात बसतो, पण कोकोला हवी असलेली दमट हवा, सावली आणि भरपूर पाऊस आपल्याकडे नाही. आपली गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या आंध्राच्या भागात मात्र हे सगळे आहे. तिथे नारळ आणि तेलताडाच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून कोको घेतात. फळातला गर बियांसकट काही दिवस आंबवून मग बिया वाळवतात, आणि चॉकलेटचा गंध खरे तर या आंबवण्यातच तयार होऊ लागतो. पश्चिम गोदावरीच्या या कोकोपासून हैदराबादची मनम ही कंपनी 2023 पासून आपले चॉकलेट विकते आहे. कोचीच्या पॉल अँड माइक या चॉकलेट कंपनीने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रौप्य मिळवले आहे. या काळ्या चॉकलेटांना एक फळासारखा आंबटपणा आहे, जो मला युरोपातल्या मोठ्या कारखान्यांच्या वड्यांत क्वचितच मिळतो. भाव जास्त आहे, हे खरे. पण 2024 मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला आणि जर्मनीतही 100 ग्रॅमची वडी काही ठिकाणी 90 ग्रॅमची झाली. स्वस्त आणि चांगले चॉकलेट आता कुठेच सहज मिळत नाही, आणि पैसे द्यायचेच असतील तर ते गोदावरीकाठच्या शेतकऱ्याकडे गेलेले मला जास्त आवडेल.

म्हणून येत्या डिसेंबरात मी फ्रँकफर्टहून चॉकलेटांची पिशवी आणणार नाही. हैदराबादला उतरून तिथलीच चॉकलेटे घेईन आणि देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला येईन. थंडीत तेवढ्या प्रवासात वडीला काही होत नाही. आई, आत्या आणि भाचरांसमोर जर्मनीची एक आणि गोदावरीची एक अशा वड्या वेष्टन काढून ठेवायच्या आणि कोणती आवडते ते विचारायचे ठरवले आहे. नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरमध्ये ही चॉकलेटे मे महिन्यातही नीट थंडाव्यात ठेवून विकणारे दुकान कोणाला माहीत असेल, तर कृपया दुकान कोणत्या भागात आहे ते सांगावे. वेष्टनावरची तारीख पाहून सांगितलेत तर अधिक उपयोग होईल.