खाली म्हणजे कुठे?

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. कमळाला पंकज, नीरज, सरोज, अंबुज, झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण धंतोलीतल्या दवाखान्यात मॅडमनी "खाज नेमकी कुठे येते?" विचारलं आणि तोंडून एकच शब्द निघाला, "खाली."

"पायाला?"

"नाही वो, वर."

"पोटावर?"

"त्याच्या खाली."

शब्दकोशात 'भग' आहे, ठाऊक होतं. पण तो कुणी मोठ्यानं म्हणतं का?

मॅडम म्हणाल्या, बाहेरच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी करू. टेबलावर पाय दोन्हीकडे अडकवून घोड्यावरून उताणी पडलेल्या स्वारासारखी झोपले. सिस्टर म्हणत राहिली, "ताई, खाली सरका. अजून खाली." यंत्र हातभर लांबच उभं होतं. १९२५ च्या सुमारास हिन्सेलमान नावाच्या जर्मन डॉक्टरनं गर्भाशयाचं तोंड बघायला बनवलेलं.

मग ओला गॉज ठेवला. वास ओळखीचा, थेट चायनीजच्या गाडीवरचा! ॲसिटिक ॲसिडच होतं, ३ ते ५ टक्के. त्यानं संशयाची जागा पांढरी पडते. गर्भाशयाच्या तोंडाशी मिनिटभरात कळतं, इथली बाहेरची कातडी जाड, म्हणून पाच मिनिटं. बाहेर मे महिन्याचं ४५ डिग्री, आत मी व्हिनेगरात मुरणारी मिरची.

"बघा, पंधरा पट मोठं," मॅडमनी स्क्रीन वळवली. चोपन्न वर्षांचा शेजार, पण ओळखदेख नव्हती. हिरवा फिल्टर लावल्यावर रक्तवाहिन्या काळ्या उमटल्या, धुऱ्यावरच्या पायवाटांसारख्या.

"दोन वाजता पांढरा चट्टा आहे."

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. दोनपर्यंत असंच राहायचं? सिस्टर हसली. तिथल्या जागा म्हणे घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात. म्हणजे डॉक्टरांनाही शब्दांची पंचाईतच!

बधिर करायची सुई मुंगळ्यासारखी चावली, बाकी काही कळलं नाही. साबुदाण्याएवढा तुकडा गेला तपासायला. ते दिवस मी कुणाशी धड बोलले नाही, पोह्यांत मीठ दोनदा पडलं.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडीचा एक जुनाट आजार. मलम लावायचं, मधूनमधून दाखवत राहायचं. आणि काय भारदस्त नाव! ऑटोत मी ते चारदा मोठ्यानं म्हटलं, ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं तरी.

घरी सासूबाई दारातच. "काय निघालं वो माय?"

"लायकेन स्क्लेरोसस!"

"अगं बाप्पा! कुठी?"

"...खाली."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझी पावलं निरखू लागल्या.